काकांची उजवी बाजू

माणसाला दोन कान असतात याकडे मी बावन्न वर्षं लक्षच दिलं नव्हतं. दोन आहेत, चष्मा अडकवायला बरे पडतात, एवढाच आमचा संबंध. मग मावशी आणि काकांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली आणि हेच दोन कान माझ्या अब्रूवर उठले.

सुरुवात मावसबहिणीच्या फोनने झाली. आईबाबांच्या लग्नाचा वाढदिवस सोसायटीच्या हॉलमध्ये करायचा, साठेक माणसं बोलवायची, आणि त्या दोघांना सोफ्यावर बसवून जुन्या आठवणी सांगताना अर्ध्या तासाची फिल्म काढायची, ती सगळ्यांना दाखवायची, असा तिचा बेत होता. "एखादा फोटोग्राफर बघून दे ना," ती म्हणाली.

"फोटोग्राफर कशाला? मी काय मेलोय का?" मी म्हणालो.

बायको पलीकडे कपड्यांच्या घड्या करत होती. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मागे मी न्हाणीघराचा नळ स्वतः दुरुस्त करतो म्हणालो होतो, तेव्हाही तिने असंच पाहिलं होतं. त्या नळाबद्दल इथे लिहिण्याचं कारण नाही.

माझी लायकी विचाराल तर मी अठ्ठावीस वर्षं अभिलेख विभागात आहे. आलेले कागद वेगळे करणं आणि जागच्या जागी लावणं हे माझं काम. "फिल्म म्हणजे तरी काय? फाइलच. नको ती पानं काढायची, उरलेली क्रमाने लावायची," असं मी त्या दिवशी बायकोला ऐकवलं. तिने पुढच्या पंधरा दिवसांत ते वाक्य मला निदान चाळीस वेळा परत केलं.

आता मावशी-काकांबद्दल. मावशी बोलते. यात तिचं वर्णन आलं, स्वभाव आला आणि चरित्रही आलं. काका बोलत नाहीत. ते छत्तीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. छापायला जाणारा मजकूर हलक्या आवाजात स्वतःशी वाचायचा आणि चूक दिसली की लाल पेन्सिलने कडेला खूण करायची, हा त्यांचा धंदा. लहानपणी माझे निबंधही तेच तपासायचे. एकदा मी माझंच एक वाक्य खोडलं होतं, तर काकांनी त्याखाली टिंबं टिंबं देऊन समासात लिहिलं, 'आहे तसं ठेवा'. चुकून खोडलेलं वाचवायची छापखान्यात ती खूण असते. माझ्या लिखाणाचं आजवर झालेलं कौतुक ते एवढंच. बाकी काकांच्या तोंडून 'हो', 'नाही' आणि 'चहा' यापलीकडे कोणी काही ऐकलेलं नव्हतं. मावशी तर अभिमानाने सांगायची, "पन्नास वर्षांत यांनी माझं एक वाक्य खोडलं नाही!"

आमच्या शेजारी तज्ज्ञ राहतात. त्यांचं खरं नाव दारावर आहे, पण आम्ही घरात त्यांना तज्ज्ञच म्हणतो, कारण जगात अशी गोष्ट नाही जिच्याबद्दल त्यांना मत नाही आणि जिच्यासाठी त्यांच्या माळ्यावर एखादं यंत्र नाही. मध्यंतरी ते पक्ष्यांचे आवाज टिपायचे. त्यांनी कॉलरला लावायचे दोन चिमुकले माइक आणले. "एक मावशींना, एक काकांना. ज्याच्या गळ्याशी लावाल त्याचाच आवाज घेतात. एकाचा आवाज डावीकडे जाईल, दुसऱ्याचा उजवीकडे. स्टिरिओ," असं त्यांनी, डॉक्टर आजाराचं नाव सांगतात त्या आवाजात सांगितलं.

शनिवारी सकाळी मावशीच्या दिवाणखान्यात चित्रण झालं. मावशी चाळीस मिनिटं बोलली. मध्ये दोनदा पाणी प्यायली, तेही बोलत बोलत, ते कसं जमतं ते तिलाच ठाऊक. काका शेजारी गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. त्यांचे ओठ अधूनमधून किंचित हलत होते. तोंडात वेलदोडा असेल असं मला वाटलं.

घरी येऊन मी संगणकावर काम सुरू केलं. मावशीचा आवाज खणखणीत आला होता. दाराची घंटा काढली, दोन शिंका काढल्या, मावशीने कॅमेऱ्याकडे बघून "अरे, हे चालू आहे का?" असं तीनदा विचारलं होतं त्यातलं दोनदा काढलं. रविवारी संध्याकाळी तज्ज्ञ तपासणीला आले. येताना त्यांनी डोक्यावर घालायचे ते मोठे हेडफोन आणले होते. ते लावून त्यांनी पाच मिनिटं डोळे मिटले, मग काढले आणि माझ्याकडे पाहिलं.

"तुमचे काका फार बोलतात हो," ते म्हणाले.

मी हसलो. त्यांनी हेडफोन माझ्या डोक्यावर चढवले. डाव्या कानात मावशी होती. "आम्ही लग्नानंतर पहिल्यांदा समुद्र बघायला गेलो तो मंगळवार होता," ती सांगत होती. आणि उजव्या कानात, अगदी हळू पण स्वच्छ, काका म्हणाले, "बुधवार."

मी खुर्चीत सरळ झालो.

"तिथे यांनी माझी निळी छत्री हरवली," डावा कान म्हणाला.

"छत्री तूच विसरलीस. मी परत जाऊन आणली. माळ्यावर आहे," उजवा कान म्हणाला.

"यांना माझ्या हातचं सगळं आवडतं."

"कारलं सोडून."

"आमचं पहिलं घर तिसऱ्या मजल्यावर होतं."

"दुसऱ्या. जिने तीन."

तज्ज्ञ म्हणाले की, बारीक आवाज साध्या स्पीकरवर हवेत विरून जातो, म्हणून मला तो आतापर्यंत ऐकू आला नाही. हे त्यांनी इतक्या ठामपणे सांगितलं की मी ते खरं धरलं. माझ्या संगणकाच्या दोन्ही बाजूंना एकेक स्पीकर आहे. त्यातला उजवा तीन वर्षं मुका होता. मागच्या तारा मी शिस्तीत लावल्या तेव्हा त्याची तार मीच काढून ठेवली होती, पण हे मला कार्यक्रम होऊन गेल्यावर कळलं.

सोमवारी ऑफिस सुटल्यावर मी काकांना घरी बोलावलं. त्यांनी हेडफोन लावले आणि गंभीरपणे ऐकलं. एकदा तर ऐकता ऐकता पुटपुटले, "इथे माझंच चुकलं. जिने चार होते." मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

"हे सगळं यात आलंय?"

"हो काका."

"पुसून टाक."

मी काही म्हणायच्या आत काका बोलायला लागले, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांची सलग सात-आठ वाक्यं ऐकली. "अरे, चूक कानावर पडली की तोंडातून जातंच. धंद्याची खोड आहे. मला तिचा राग नाही येत. पण तिला वाटतं, मी नुसता ऐकतो. पन्नास वर्षं ती त्या भरवशावर बोलतेय. आणि आता साठ माणसांसमोर तिला कळणार की हा मेला शेजारी बसून आपल्या चुका काढत होता? फार लागेल रे तिला. पुढचं तूही ऐकू नकोस. शब्द दे."

मी अकरा मिनिटं ऐकली होती. उरलेली एकोणतीस ऐकणार नाही आणि कोणाला ऐकू देणार नाही असा मी शब्द दिला. काकांचा चेहरा इतका केविलवाणा झाला होता की त्यांनी माझी शेतजमीन मागितली असती तरी मी दिली असती. अर्थात मला शेतजमीन नाही.

तर काम एवढंच होतं, डावा आवाज ठेवायचा आणि उजवा काढायचा. संगणकाच्या पडद्यावर आवाज दिसतो तो दोन हिरव्या सुरवंटांसारखा, एकाखाली एक. वरचा सुरवंट मावशी, खालचा काका. मावशीचा सुरवंट भलता धष्टपुष्ट होता. मी त्यांना एकमेकांपासून सोडवायला गेलो, तर दोघंही चित्रापासून सुटले आणि पुढे घसरले. आता मावशी आधी हसायची आणि मग विनोद सांगायची. ते जुळवायला दोन दिवस गेले. मग तज्ज्ञांच्या सल्ल्याने मी खालची पट्टी निवडून खोडली, तर काय झालं कोण जाणे, आवाज दोन्ही राहिले आणि चित्र गेलं. वरच्या मजल्यावर गायनाच्या बाई राहतात. त्यांना जिन्यात माझी अडचण कळली. त्या म्हणाल्या, "वेगळे कशाला करताय? एकत्र करा की! दोन सूर मिळाले पाहिजेत." नेमकं तेच तर व्हायला नको होतं, पण हे त्यांना कारण न सांगता पटवणार कसं?

शेवटी मी आमच्या ऑफिसातल्या संगणक विभागात गेलो. तिथल्या गृहस्थांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, "लेखी द्या." मी लेखी दिलं. दोन दिवसांनी कागद परत आला. त्यावर शेरा होता, 'प्रस्तुत अडचण आवाजाची असून या विभागाकडे फक्त अक्षरे व आकडे येतात. सबब परत.' अठ्ठावीस वर्षं मी असे शेरे लोकांना देत आलो. ते घेणाऱ्याला कसं वाटतं ते त्या दिवशी कळलं.

कार्यक्रमाला दोन दिवस उरले असताना मला मार्ग सापडला. खालच्या पट्टीच्या डोक्याशी कर्ण्याचं एक छोटंसं चित्र होतं. त्यावर टिचकी मारली की त्यावर तांबडी रेघ यायची आणि ती पट्टी गप्प व्हायची. मी टिचकी मारली, फिल्म तयार केली आणि आमच्या स्पीकरवर पहिल्यापासून शेवटपर्यंत लावून पाहिली. फक्त मावशी! काकांचं अक्षर नाही. मी बायकोला हाक मारली.

"एकदा त्या हेडफोनवर ऐकून बघा ना," ती म्हणाली.

"मला माझं काम येतं," मी म्हणालो. शिवाय हेडफोन घेऊन तज्ज्ञ गावाबाहेर पक्षी ऐकायला गेले होते.

नंतर कळलं की ती तांबडी रेघ फक्त काम करणाऱ्याच्या सोयीसाठी असते. त्याला तेवढ्यापुरता तो आवाज नको असेल तर नको. तयार फिल्ममध्ये तो जसाच्या तसा उतरतो. म्हणजे मी काकांचं तोंड बंद केलं नव्हतं, स्वतःचे कान बंद केले होते.

इकडे हॉलचं वेगळंच. सोसायटीच्या सचिवांनी मला एक अर्ज दिला. त्यात 'कार्यक्रमाचे स्वरूप' यापुढे 'आनंदाचा, दुःखाचा, इतर' असे तीन चौकोन होते. लग्नाला पन्नास वर्षं, असं मी सांगितल्यावर सचिवांनी क्षणभर विचार करून 'इतर'वर खूण केली. मग त्यांनी नियम सांगितला. गेल्या वर्षी हॉलच्या आवाजाबद्दल तक्रारी आल्या, तेव्हा समितीने सर्वानुमते आवाज निम्मा करायचं ठरवलं. त्यासाठी हॉलच्या दोन स्पीकरांपैकी एक काढून कपाटात ठेवला, कपाटाला कुलूप लावलं आणि वर चिठ्ठी लावली. काढला तो कुठला, हे मी विचारलं नाही. एक तर एक, स्पीकर तो स्पीकर, असं म्हणून मी सही केली.

तो डावा होता.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरला. मावशी-काका पहिल्या रांगेत मधोमध बसले. मावसबहिणीने चार शब्द बोलून माझी ओळख 'आमच्या घरचे दिग्दर्शक' अशी करून दिली आणि मी वाकून नमस्कार केला. आयुष्यात पुन्हा इतका ताठ मी उभा राहीन असं वाटत नाही. दिवे मालवले. पडद्यावर मावशी आली. तिने तोंड उघडलं आणि काहीच ऐकू आलं नाही.

"आवाज!" मागून कोणीतरी ओरडलं.

मी स्पीकरजवळच्या बटणाने आवाज वाढवला. मावशी हातवारे करत होती, हसत होती, पण हॉलमध्ये चिडीचूप. मी आणखी वाढवला. मग शेवटपर्यंत वाढवला. आणि भिंती हादरतील अशा आवाजात काका म्हणाले, "बुधवार."

लोक दचकले. पडद्यावर मावशीचे ओठ पुन्हा हलले.

"छत्री तूच विसरलीस!" काका गरजले. "मी परत जाऊन आणली! माळ्यावर आहे!"

हॉलमध्ये हशा फुटला. मी मात्र काकांकडे बघत होतो. ते गुडघ्यांवर हात ठेवून खाली बघत होते आणि त्यांचे कान लाल झाले होते. मी शब्द दिला होता. "कारलं सोडून!" स्पीकर म्हणाला आणि हशा दुप्पट झाला. मी संगणकाकडे धावलो, वाटेत वायरीला पाय अडकून सचिवांच्या मांडीवर पडलो, उठलो आणि फिल्म थांबवली. 

मावशी हसत नव्हती. ती काकांकडे वळली होती.

"छत्री परत आणली होती तुम्ही?"

काकांनी मान हलवली.

"मग पन्नास वर्षांत सांगितलं का नाहीत?"

"तू बोलत होतीस," काका म्हणाले.

आता हसावं की नाही ते कोणालाच कळेना. मी मावशीजवळ गेलो आणि म्हणालो, "मावशी, चूक माझी आहे. काकांनी हे पुसायला सांगितलं होतं. तुला वाईट वाटू नये म्हणून. बंद करतो मी."

"पुसायला सांगितलं होतं?" मावशी म्हणाली.  तिला लागलं होतं, हे अगदी स्पष्ट दिसत होतं. ती काकांकडे बघत राहिली आणि मग पदर सावरून ताठ बसली. "खबरदार बंद केलंस तर. पहिल्यापासून लाव."

"पण मावशी, तुझा आवाजच येत नाहीये."

"माझा आवाज मी घेऊन आले आहे," मावशी म्हणाली.

मी पहिल्यापासून लावलं. पडद्यावर मावशीने तोंड उघडलं आणि पहिल्या रांगेतल्या मावशीने बोलायला सुरुवात केली. तिला सगळं तोंडपाठ होतं. का नसणार, त्याच आठवणी आम्ही सगळेच पन्नास वर्षं ऐकत आलो होतो. "तो मंगळवार होता," मावशी म्हणायची आणि स्पीकरमधून काका "बुधवार" म्हणायचे. मध्येच ती थांबून शेजारी विचारायची, "खरंच बुधवार?" आणि शेजारचे काका हळूच म्हणायचे, "तिकीट आहे माझ्याकडे." पाच-सात मिनिटांतच माणसं पोट धरून हसायला लागली आणि दहाव्या मिनिटाला मावशीही हसली. काकांनी तेव्हा कुठे गुडघ्यांवरचे हात काढले.

अकरा मिनिटं संपल्यावर मात्र माझं बोट पुन्हा फिल्म थांबवायच्या बटणाशी गेलं. यापुढचं मी ऐकलं नव्हतं. काकांनी ऐकू दिलं नव्हतं. पण पुढेही तसंच चाललं होतं. रंग हिरवा नव्हता, पोपटी होता. डॉक्टर उंच नव्हता, खुर्ची उंच होती. शेवटाकडे पडद्यावरची मावशी जरा मंदावली. पहिल्या रांगेतली मावशीही मंदावली, पण बोलली.

"मी फार बोलते, हे मला माहीत आहे," ती म्हणाली. "यांना कधी बोलू दिलं नाही मी. परत संधी मिळाली तर थोडी गप्प बसायला शिकेन म्हणते."

स्पीकर काही बोलला नाही. फक्त खरखर ऐकू येत होती. मग काकांचा आवाज आला, इतर वेळेपेक्षा हळू, पण मी आवाज शेवटपर्यंत वाढवलेला असल्यामुळे शेवटच्या रांगेलाही ऐकू गेला.

"नको. आहे तसं ठेवा."

फिल्म संपली. दिवे लावायचं कोणाला सुचलं नाही.  मुद्रितशोधकाच्या बायकोला त्या खुणेचा अर्थ सांगावा लागत नाही. अर्धं मिनिट तरी मावशी काही बोलली नाही, आणि आमच्या घराण्यात हे आजवर कोणी पाहिलेलं नाही. मला निबंधाची वही आठवली आणि मी चष्मा पुसायला काढला. शेजारी बायकोही डोळे पुसत होती, त्यामुळे तिला माझी थट्टा करता आली नाही.

मग मावशी काकांकडे वळून, मी तिच्या तोंडून कधी न ऐकलेल्या बारीक आवाजात म्हणाली, "परत म्हणा ना."

काकांनी घसा खाकरला आणि परत म्हटलं. पहिल्या तीन रांगांना नीट ऐकू गेलं. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी मी मावशीकडे माफी मागायला गेलो. निळी छत्री दिवाणखान्यात उघडून ठेवली होती आणि तिच्या दोन काड्या मोडल्या होत्या. मावशीच्या मते काड्या तीन मोडल्या होत्या, आणि काकांनी तिला मोठ्याने दोन म्हणून सांगितलं. मी म्हणालो की, आता तज्ज्ञ परत आले आहेत, माझ्या संगणकाची तारही जोडली आहे, चार दिवसांत तुला नीट फिल्म करून देतो, दोन्ही बाजूंना दोघांचेही आवाज व्यवस्थित येतील.

"काही नको," मावशी म्हणाली. "मला नुसती उजवीच दे. डावी मला पाठ आहे."